शौचाचा रकाना

वॉर्डातल्या टीपीआर शीटवर वरच्या भागात ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदी असतात. अगदी तळाशी लघवी आणि शौच असे दोन रकाने असतात. ताप चढला की रेष चढते आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांची नजर आपोआप तिच्यावर जाते. तळाच्या रकान्यात बहुतेक वेळा नुसती एक खूण असते. ती सकाळी सगळ्या शीटवर एका दमात केलेली असते आणि तिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. सरकारी रुग्णालयांत मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग, बाळंतिणींचा वॉर्ड असं फिरत माझी नोकरी झाली. या वर्षांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली: त्या तळाच्या रकान्यात माणसाची तब्येत नाडीइतकीच उघडपणे लिहिलेली असते. तो नीट भरला जात नाही याला कामाचा ताण कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण लाज आहे. रुग्णाची, नातेवाइकांची आणि आम्हा नर्सेसचीही.

पुस्तकात हे सगळं होतं. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी सांगितलेल्या माणसाच्या १४ मूलभूत गरजांमध्ये श्वास आणि अन्नपाणी यांच्या पाठोपाठ तिसरी गरज उत्सर्जनाची आहे, हे आम्हाला पाठ होतं. एनिमाच्या ट्रेत काय काय मांडायचं हे परीक्षेत लिहून आम्ही गुण मिळवले होते. पण वडिलांच्या वयाच्या माणसासमोर उभं राहून, शेजारच्या खाटेवरचे लोक ऐकत असताना, शौचाबद्दल विचारायचं कसं, हे त्यात नव्हतं. ते मला एका इन्चार्ज सिस्टरांनी शिकवलं. त्या मूळच्या केरळच्या. इथे आयुष्य काढलेलं, मराठी अगदी सफाईदार. पाळी बदलताना ओव्हर, म्हणजे वॉर्डाचा ताबा, घेताना त्या प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारत, "यांचं पोट कसं आहे?" आम्ही "मोशन झाली" म्हटलं की लगेच पुढचं येई, "कधी? किती? कशी? तू पाहिलीस, की त्यांनी सांगितलं?"

"झाली का?" हा प्रश्न त्यांना अजिबात चालत नसे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात निरीक्षणावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. रात्र चांगली गेली का, अशा प्रश्नांवर त्यांचा मोठा आक्षेप होता, कारण सलग दहा तास झोप लागली नाही तर एकाला रात्र वाईट गेली असं वाटतं आणि अधूनमधून डोळा लागला तरी दुसऱ्याची तक्रार नसते. शौचाचं अगदी तसंच आहे. चार दिवसांनी दोन कठीण खडे पडले तरी माणूस "झाली" म्हणतो. घरी दिवसातून दोनदा जाणारा इथे एकदाच गेला की "साफ नाही झाली" म्हणून कासावीस होतो. वैद्यकाच्या हिशेबाने दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा हे सगळंच सर्वसाधारण धरलं जातं. त्यामुळे त्या माणसाची घरची रीत काय, हे कळल्याशिवाय इथला आकडा लिहून काही हाती लागत नाही. रोज जाता की दिवसाआड? सकाळी चहाच्या आधी की नंतर? कुंथावं लागतं का? रात्री काही चूर्ण, इसबगोल, एरंडेल घेता का? शेवटची कधी झाली? हे विचारायला दोन मिनिटं लागतात. मात्र पडदा ओढावा लागतो, स्टूल ओढून खाली बसावं लागतं आणि आवाज लहान ठेवावा लागतो. उभ्या उभ्या, दुसऱ्या खाटेकडे बघत विचारलं तर कुणीही "ठीक आहे" एवढंच सांगतं.

माझ्या कामाला वळण देणारा प्रसंग अस्थिरोग वॉर्डातला. खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या. पायाला वजन लावलेलं, ऑपरेशनची तारीख पुढे, दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू. मुलगा रात्रंदिवस उशाशी. सून घरी लहान पोरं सांभाळत होती. आजी गुणाच्या, काहीच मागायच्या नाहीत. आधी अर्धी भाकरी खात, मग नुसता चहा, मग तोही दोन घोट. पाचव्या की सहाव्या दिवशी चादरीवर पातळ पाण्याचे डाग दिसले. मुलगा धावत आला, "आईला जुलाब लागलेत, बंद व्हायची गोळी द्या." गोळी लिहूनही झाली होती. इन्चार्ज सिस्टरांनी पडदा ओढला, आजींना दोन शब्दांत कल्पना दिली, त्यांची परवानगी घेतली, हातमोजा चढवला आणि बोटाने तपासलं. आतड्याचं शेवटचं टोक घट्ट मळाने भरलेलं होतं. वरचं पातळ पाणी त्याच्या कडेकडेने झिरपत होतं. ते जुलाब नव्हते, टोकाचं बद्धकोष्ठ होतं. बंद व्हायची गोळी पोटात गेली असती तर आजींचे हाल दुप्पट झाले असते.

डॉक्टरांना सांगितलं, गोळी रद्द झाली. आधी मळ मऊ करणारा तेलाचा एनिमा दिला, मग थोडा थोडा मळ बोटाने काढला. मी एका हाताने आजींचा हात धरला होता आणि दुसऱ्या हाताने नाडी. गुदद्वाराशी असा हात लागला की काहींची नाडी एकदम मंदावते, म्हणून ती सोडायची नसते. सगळं झाल्यावर आजींनी डोळे मिटले आणि हळूच म्हणाल्या, "लेकाच्या हातून भांडं कसं घेऊ गं बाई? म्हणून खाणंच सोडलं." पाणीही त्याचसाठी सोडलं होतं.

त्या दिवसापासून कुणी कमी जेवतंय असं दिसलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: यांना भांडं कोण देतं? उत्तर मुलगा, जावई, दीर किंवा वॉर्डबॉय असं आलं, की अन्न का जात नाही ते बऱ्याचदा कळून चुकतं. आजींच्या बाबतीत पुढे आम्ही सकाळची एक वेळ ठरवली. त्या वेळी मुलाने खाली चहाला जायचं आणि वॉर्डातल्या मावशींनी आजींपाशी यायचं. दोन दिवसांत आजी पेज मागून घेऊ लागल्या. ट्रामाडॉल, मॉर्फिन अशा औषधांबद्दल एक गोष्ट त्याच वेळी मनावर कोरली गेली. त्यांनी येणारी मळमळ आणि गुंगी काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत तसंच राहतं. म्हणून पोट साफ ठेवणारं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. कागदावर ते नसेल तर विचारणं हे नर्सचं काम आहे आणि विचारल्याचा राग आलेले डॉक्टर मला फारच थोडे भेटले.

रुग्णालयाचं वेळापत्रक आणि माणसाचं आतडं यांचंही जमत नाही. रिकाम्या पोटात चहा-नाश्ता गेला की मोठं आतडं हालचाल करू लागतं, आणि सकाळी ही ओढ सगळ्यात जोरात असते. घरी माणूस चहा पिऊन उठतो ते याच कारणाने. वॉर्डात मात्र नाइट ड्यूटीची माणसं ओव्हरच्या आधी काम उरकावं म्हणून पहाटे पाचला, आतडं झोपेत असताना, भांडी देतात. आणि चहा-नाश्ता होऊन खरी ओढ लागते तेव्हा चादरी बदलणं, इंजेक्शनं, डॉक्टरांचा राउंड सुरू होतो. नातेवाइकांना बाहेर काढलेलं असतं. रुग्ण कळ दाबतो. दाबलेली कळ थोड्या वेळाने विरून जाते, थांबलेल्या मळातलं पाणी आतडं शोषून घेतं आणि दुसऱ्या दिवशी तो आणखी कठीण होतो. एवढं साधं आहे ते. मी इन्चार्ज झाल्यावर भांड्याची फेरी चहानंतर आणि राउंडच्या आधी ठेवली. त्यावरून सुरुवातीला कुरकुर झाली, कारण दोन्ही पाळ्यांची कामं थोडी सरकली. पण महिन्याभरात एनिमाच्या ट्रेची गरज कमी पडू लागली, तेव्हा कुरकुर करणाऱ्यांनाच ते पटलं.

भांड्यावर बसण्याचीही एक रीत आहे. आपल्या माणसांना आयुष्यभर उकिडवं बसायची सवय. त्या बसण्यात गुदाशयाची वाट सरळ होते. उताणं निजवून कमरेखाली थंडगार स्टीलचं भांडं सरकवलं तर निरोगी माणसालाही काही होणार नाही. पाठीच्या किंवा खुब्याच्या इजेमुळे मनाई नसेल तर डोक्याकडची बाजू उचलावी. भांडं आधी कोमट पाण्याने विसळावं. हाताला पाणी आणि साबण द्यावा. आणि सांगून बाहेर यावं, "मी पडद्याबाहेर आहे, सावकाश होऊ द्या." कमोड वापरणाऱ्याला पायाखाली पाट दिला तरी फरक पडतो.

पोट तपासण्याचा क्रम सगळ्या नर्सेस शिकतात, पण तो का आहे हे विसरतात. आधी पाहायचं, मग ऐकायचं, मग ठोकून बघायचं, शेवटी दाबायचं. छाती तपासताना ऐकणं शेवटी येतं, पोटाच्या बाबतीत ते दाबण्याच्या आधी, कारण हात लागला की आतड्याची हालचाल बदलते आणि खोटे आवाज ऐकू येतात. मिनिटाला साधारण ५ ते ३० आवाज यावेत. आवाजच नाहीत असं लिहिण्याआधी पूर्ण पाच मिनिटं कान लावून बसावं लागतं, आणि धावपळीच्या वॉर्डात तीच पाच मिनिटं कुणाकडे नसतात. सर्जरीच्या वॉर्डात मी ती काढत असे. पूर्वी पोटाच्या ऑपरेशननंतर वायू सरेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नसे आणि नातेवाईक दर तासाला येऊन विचारत, "सिस्टर, आता चहा देऊ का?" आता बऱ्याच ऑपरेशनांनंतर लवकर पाणी, लवकर खाणं आणि त्याच दिवशी चालवणं सुरू होतं. मी दोन्ही काळ पाहिले. लवकर उठवलेल्या रुग्णाचं आतडं लवकर जागं होतं, हे माझ्या डोळ्यांदेखतचं आहे.

मेडिसिन वॉर्डात मला सगळ्यात मोठा धडा आमच्या एका मावशींनी दिला. संडास-बाथरूमची सफाई आणि भांडी त्यांच्याकडे. एके दिवशी त्या दारातूनच मला म्हणाल्या, "सिस्टर, खिडकीजवळच्या बाबांचं भांडं मी टाकलं नाही. तुम्ही येऊन बघा. वास निराळा आहे." बाबांना अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे शौच काळी होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. लोहाने होते ती काळी-हिरवट, पण घडीव असते. भांड्यात होती ती चिकट, चकचकीत, डांबरासारखी, आणि तिचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. जठरात किंवा त्याच्या जवळपास रक्तस्राव झाला की रक्त आतड्यातून येईपर्यंत असं काळं होतं. नाडी पाहिली तर १२० च्या पुढे. उठवून बसवलं तर बाबांना चक्कर. डॉक्टर आले, दोन्ही हातांना सलाइन लागलं, रक्तगटासाठी नमुना गेला. बाबा गुडघेदुखीसाठी कितीतरी महिने मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून उपाशीपोटी घेत होते, हे तेव्हा बाहेर आलं. जठरातला व्रण दुर्बिणीतून दिसला. बाबा वाचले.

त्यांना वाचवण्यात पहिला हात मावशींचा होता. शीटवर त्यांचं नाव येत नाही. यानंतर मी ओव्हरच्या वेळी मावशींनाही उभं करू लागले. आज कुणाचं भांडं वेगळं दिसलं का, एवढंच विचारायचे. काही सहकाऱ्यांना ते रुचलं नाही. सफाईवाल्या बाईला ओव्हरमध्ये कशाला घ्यायचं, असं तोंडावर बोलणारेही होते. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं की जी व्यक्ती रोज सगळ्यांचं शौच पाहते तिला न विचारता तो रकाना भरणं खोटं आहे.

तोंडाने सांगायला लाजणाऱ्यांसाठी एक साधन फार उपयोगी पडलं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये शौचाच्या ७ प्रकारांचा एक तक्ता प्रसिद्ध केला. पहिले दोन प्रकार म्हणजे कठीण खडे आणि गाठाळ शौच, तिसरा-चौथा नीट, त्यापुढे पातळ होत होत सातवा निव्वळ पाणी. मी त्याची चित्रं मोठी करून पुठ्ठ्यावर चिकटवली होती. नव्या सुना, म्हातारे शेतकरी, शाळकरी मुलं, कुणालाही एक शब्द बोलावा लागत नसे. पुठ्ठा समोर धरला की बोट ठेवत. शीटवर आकडा जाई आणि पुढच्या पाळीलाही त्याचा अर्थ तोच लागे.

हृदयविकाराच्या रुग्णांबद्दल थोडक्यात सांगते, कारण हे घरीही कामाचं आहे. कुंथताना माणूस श्वास रोखतो, छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि श्वास सोडल्यावर एकदम लोट येतो. झटका येऊन गेलेल्याला हे झेपत नाही. म्हणून त्यांना मळ मऊ करणारं औषध देतात आणि संडासाला एकट्याने जाऊ देत नाहीत. "मी धडधाकट आहे, मला भांडं नको" म्हणणारे पुरुष संडासात कोसळलेले मी पाहिलेत. खाटेशेजारी कमोडची खुर्ची आणि मध्ये पडदा, एवढ्याने बहुतेकांचं समाधान होतं. घरी अशा माणसाच्या संडासाला आतून कडी लावू देऊ नये.

एरंडेलाबद्दलही. पोटात कळ आली की एरंडेल पाजायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. दुखण्याचं कारण कळलेलं नसताना जुलाबाचं औषध किंवा एनिमा देऊ नये. आंत्रपुच्छ सुजलेलं असलं किंवा आतड्याला पीळ पडला असला तर तेच जिवावर येतं.

बाळंतिणींच्या वॉर्डात लंगोट हाच चार्ट. पहिल्या २४ तासांत काळी-हिरवी चिकट शी व्हायला हवी, ४८ तास उलटूनही झाली नाही तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पुढे अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी होते. दीड महिन्याच्या लसीला आलेलं एक बाळ मला आठवतं. वजन बरं होतं, पण डोळे पिवळे. आजी म्हणाली, "आईचं दूध जड आहे, शी पांढरी होते." मी लंगोट मागितला. शी खडूसारखी पांढुरकी आणि लघवीचा डाग गडद पिवळा. पित्त आतड्यात उतरत नसेल तर असं दिसतं, आणि पित्तनलिका बंद असलेल्या बाळाचं कासाई ऑपरेशन ६० दिवसांच्या आत झालं तर यश येण्याची शक्यता जास्त असते. त्याच दुपारी बाळाला शहरातल्या बालशल्यचिकित्सा विभागात पाठवलं. ऑपरेशन वेळेत झालं. जन्मानंतर दोन आठवड्यांपुढे कावीळ राहिली किंवा शी पांढरी दिसली तर थांबू नका, हे मी त्यानंतर घरी जाणाऱ्या प्रत्येक आईला सांगत आले.

पावसाळ्यातल्या जुलाबांवर लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये भरून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. त्या कामाचा मोठा वाटा नातेवाइकांनी उचलला होता. आजही मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम मिसळण्याऐवजी चिमूट चिमूट ग्लासात टाकलं जातं, मुलाचं खाणं बंद केलं जातं आणि झिंकची गोळी १४ दिवसांआधीच थांबते. पेज, मऊ भात, अंगावरचं दूध चालूच ठेवायचं असतं.

निवृत्तीनंतर मी ओळखीच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांना बघायला जाते. तिथे आता सर्रास डायपर दिसतं. आधार दिला तर संडासापर्यंत चालू शकणाऱ्या माणसालाही ते बांधलेलं असतं, कारण सोपं पडतं. ज्याला कळ समजते, जो "मला जायचंय" असं सांगतो, त्याला "डायपरमध्येच करा" म्हणणं मला क्रूर वाटतं. काही दिवसांत त्याची कळ मरते, कातडी सोलते आणि तो बोलायचा कमी होतो. रात्री मदतीला कुणी नसेल तर डायपर जरूर वापरा. दिवसा चहानंतर हात धरून उठवा.

आणि तुमचं माणूस रुग्णालयात दाखल होईल तेव्हा एक करा. त्याची घरची शौचाची वेळ, किती दिवसांनी जातो, पोटासाठी काय घेतो, शेवटचं कधी झालं आणि कुणाच्या हातून भांडं घ्यायला त्याला संकोच वाटतो, हे पहिल्याच दिवशी नर्सला बाजूला घेऊन सांगा. ती विचारेल म्हणून थांबू नका.